‘द व्हर्जिनियन’ : तो मॉलीपासून जे लपवतो ते

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते लिहून काढते आहे. लांबलंय, सावकाश वाचा. गोष्टीचा शेवट सांगितल्याशिवाय मला माझं म्हणणं मांडता येणार नाही, तेव्हा ज्यांना आधी पुस्तक वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं. ओवेन विस्टरची ‘द व्हर्जिनियन’, १९०२ सालची कादंबरी. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे.

मी फोर्ट कॉलिन्सला राहते, कॉलोराडोच्या उत्तर टोकाला. इथून वर वायोमिंगमध्ये शिरून लॅरमीवरून पुढे गेलं की दोन-सव्वादोन तासांत मेडिसिन बो नावाचं एवढंसं गाव लागतं. कादंबरी तिथल्याच स्टेशनात सुरू होते. गोष्ट सांगणारा पूर्वेकडचा पाहुणा गाडीतून उतरतो, त्याची ट्रंक हरवलेली असते आणि त्याला न्यायला आलेला उंच, शांत काउबॉय म्हणजे आपला नायक, व्हर्जिनियन. मुक्कामाचा रँच तिथून २६३ मैलांवर! मागच्या महिन्यात मी तिथे जाऊन आले. रुळांच्या समोर ‘व्हर्जिनियन’ नावाचंच हॉटेल उभं आहे, १९११ सालचं. वारा असा की गाडीचं दार दोन्ही हातांनी ढकलून उघडावं लागलं. मालगाडी आली ती संपेचना. ती गेल्यावर जी शांतता पसरली, ती मला पुस्तकातून अगदी ओळखीची होती.

माझी आई सांगलीला असते. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून रोज रात्री फोनवर मी तिला पंधरा-वीस मिनिटं ही गोष्ट मराठीत सांगत होते. या धाग्याचं मूळ तिच्या एका प्रश्नात आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. मॉली स्टार्क वुड ही व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनची मुलगी. घराणं जुनं, पैसा संपलेला. तिकडे चांगल्या स्थळाला नकार देऊन ती एकटीच वायोमिंगला शाळामास्तरीण म्हणून येते. व्हर्जिनियन तिच्याकडून पुस्तकं नेतो, वाचतो, त्यावर वाद घालतो. ती त्याला दूर ठेवते. घरचे काय म्हणतील याची धास्ती तिला आहे आणि स्वतःच्या मनाचीही. शेवटी ती परत जायचं ठरवते, सामान बांधते. त्याच दिवशी तिला तो रानात झऱ्याजवळ जखमी होऊन पडलेला सापडतो. त्याला घोड्यावर घालून ती स्वतःच्या खोपटात आणते, शुश्रूषा करते. बांधलेलं सामान पुन्हा सोडते. प्रेम जुळतं ते असं.

आता खरा गुंता. व्हर्जिनियन जज हेन्रीच्या रँचवर फोरमन आहे (आईला मी ‘मुकादम’ सांगितलं, तिला ते लगेच समजलं). गुरांची चोरी वाढते. चोरांना पकडून फाशी देणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या होतो. पकडलेल्या दोघांत एक निघतो स्टीव्ह, त्याचा जुना जिवलग मित्र. त्याच्या देखत, त्याच्या हुकमानं स्टीव्हला झाडाला लटकावतात. शेवटच्या रात्री स्टीव्ह सगळ्यांशी बोलतो, हसतो, फक्त याच्याशी एक अक्षर बोलत नाही.

हे तो मॉलीला सांगत नाही. तिला ते कळतं शाळेतल्या मुलांच्या खेळातून. मुलं फाशीचा खेळ खेळत असतात.

ती कोसळते. आणि मग तिची समजूत घालायला येतो जज हेन्री. तो तिला कायदा समजावतो : न्यायालयाचा अधिकार मुळात लोकांनीच दिलेला, न्यायालय काम करेना तर लोकांनी तो परत घ्यायचा. ती ऐकते. लग्न ठरलेलं राहतं.

इथे आईनं मला थांबवलं. म्हणाली, “अगं, पण तिनं त्यालाच का नाही विचारलं? आणि त्यानं का नाही सांगितलं? मधे हा जज कशाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रेमकथांमध्ये नायक-नायिका एकमेकांपासून काहीतरी लपवतात, हे नेहमीचंच. पण बहुतेक वेळा तो गैरसमज असतो, एकदा तोंड उघडलं की विरघळणारा. इथे गैरसमज नाहीच. मुलांनी खेळात दाखवलं ते अक्षरशः खरं आहे. त्यानं माणूस मारला, मित्र मारला, आणि ते बरोबर होतं की नाही हे त्याचं त्यालाच कळलेलं नाही. सांगायचं म्हणजे तो प्रश्न उघडा करायचा. मला वाटतं, तो मॉलीला घाबरून गप्प बसलेला नाही. आपण सांगायला लागलो तर आपल्यालाच काय ऐकू येईल, याची त्याला भीती आहे.

तुम्हाला काय वाटतं?

---

रात्रपाळी

छान लिहिलंय ताई. मी आजकालच्या काउबॉय रोमान्स ढिगानं वाचते, रात्रपाळीला दुसरं काही वाचवत नाही. त्यातली गुपितं मला आता पाठ झाली आहेत. तिला त्याच्यापासून झालेलं मूल त्याला माहीत नसतं. किंवा तो रँच विकत घ्यायला आलेला असतो आणि ती त्याच रँचची मालकीण असते. किंवा बापाचं कर्ज. दोनशे पानं आपण वैतागत राहतो की, अगं बाई, बोल ना एकदाचं! आणि बोलली की पुस्तक संपतं.

मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही म्हणता तो फरक खरा आहे. तिथे गुपित म्हणजे दोघांच्या मधला पडदा. इथे पडदा सरकवल्यावर मागे प्रेत आहे.

एक विचारते, तो आधी कधी खरं बोललेला आहे का तिच्याशी? म्हणजे गप्प राहणं हा त्याचा स्वभावच की फक्त या बाबतीत?

---

खिडकीपाशी

@रात्रपाळी, फार नेमका प्रश्न. पुस्तकाच्या सुरुवातीला एक मोठी मेजवानी आहे. आयाबाया नाचायला गेलेल्या असताना हा आणि याचा एक मित्र झोपलेल्या तान्ह्या बाळांचे कपडे आणि पांघरुणं बदलून ठेवतात. लोक मैलोन्‌मैल घरी गेल्यावर कळतं की दुसऱ्याचंच बाळ आणलंय. हलकल्लोळ. संतापलेले बाप एकत्र जमतात तेव्हा हा स्वतः तिथे येऊन सांगतो की हे मी केलं. कुणीही पकडलेलं नसताना.

म्हणजे खोड कबूल करायला तो मागेपुढे पाहत नाही. स्टीव्हचं मात्र ओठावर येत नाही.

---

जुना_वकील

धागा वाचून राहवलं नाही. तीस वर्षं फौजदारीत काढली, म्हणून जज हेन्रीबद्दल बोलतो.

त्या माणसाचा युक्तिवाद मी दोनदा वाचला. दक्षिणेत काळ्या माणसांना जाहीरपणे जाळतात ते वेगळं आणि वायोमिंगमध्ये चोरांना गुपचूप लटकावतात ते वेगळं, असं तो मॉलीला पटवतो. एक रानटीपणा, दुसरं सुधारणेचं पहिलं पाऊल, असा त्याचा सूर. ऐकायला घट्ट वाटतं. पण हा बोलणारा कोण? ज्याची गुरं चोरीला जातात तो. फाशी देणारा कोण? त्याचा पगारी मुकादम. स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश होता येत नाही, हे वकिलीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. हा तर पूर्वीचा न्यायाधीश!

आता त्या वेळचा कायदाही समजून घ्या, कारण ‘चोरी’ हा शब्द तिथे सरळ नाही. मोकळ्या माळावर सगळ्यांची गुरं एकत्र चरत. मालकी ओळखायची ती तापलेल्या लोखंडानं दिलेल्या डागावरून. वसंतात सगळी गुरं वळवून आणायची आणि गायीचा डाग पाहून वासराला डाग द्यायचा. डाग नसलेलं, आई हरवलेलं वासरू म्हणजे ‘मॅव्हरिक’. टेक्सासच्या सॅम्युअल मॅव्हरिकवरून तो शब्द आला, तो आपल्या गुरांना डागच देत नसे. पूर्वी असं वासरू ज्याला सापडेल तो आपला डाग देई. काउबॉयला महिन्याला तीस-चाळीस डॉलर मिळत, त्यातून स्वतःचा छोटा कळप उभा करायची वाट हीच. १८८४ साली वायोमिंगनं कायदा केला आणि माळावरचं बिनडागाचं वासरू बड्या मालकांच्या संघटनेच्या ताब्यात गेलं, लिलाव तिच्याच देखरेखीखाली. काल जो रिवाज होता तो आज गुन्हा. ज्या काउबॉयचा स्वतःचा डाग आहे त्याला कामावर ठेवायचं नाही, असंही मालकांनी ठरवून टाकलं.

स्टीव्ह चोर होता, कादंबरी तसंच सांगते, मी नाकारत नाही. पण जज हेन्रीनं मॉलीला हा कायदा कुणी केला आणि कुणासाठी केला, ते सांगितलेलं नाही. म्हणजे त्या खोलीत आणखी एक गुपित होतं, आणि ते व्हर्जिनियनचं नव्हतं.

---

माणदेशी

वकीलसाहेब, डागाचं वाचून गाव आठवलं. आमच्याकडं खिल्लार. आमच्यात जनावराला डाग देतात तो बहुतेक औषध म्हणून, खांदा सुजला, पाय धरला तर. मालकी अशी डागावर नसते, ती तोंडओळखीवर. शिंगाची ठेवण, कपाळावरचा भोवरा, चाल. भटकं जनावर कुणाच्या पिकात घुसलं तर कोंडवाड्यात. मालक येतो, दंड भरतो, सोडवून नेतो. जनावर सापडलं म्हणून संघटनेनं नेलं, हे आमच्या टाळक्यात बसणार नाही.

ताई, तुम्ही आईला ‘काउबॉय’ काय सांगितलंत? गुराखी म्हटलं की डोळ्यासमोर पावा आणि घोंगडी येते.

---

खिडकीपाशी

@माणदेशी दादा, काउबॉयच ठेवलं. गुराखी सांगून पाहिलं, पण आईनं लगेच विचारलं, “मग त्याच्याकडे पिस्तूल कशाला?” शिवाय हा शब्द तिथलाही पहिला नव्हे. घोड्यावरून गुरं राखायची सगळी विद्या मेक्सिकोच्या ‘वाकेरों’ची. लासो, रोडेओ, रँच, सगळे शब्द स्पॅनिशमधून आले. आणि माळावरच्या काउबॉयांमध्ये काळे आणि मेक्सिकन लोक पुष्कळ होते, ते या पुस्तकात जवळपास दिसतच नाहीत.

@जुना_वकील काका, तुमच्या शेवटच्या वाक्याला धरून एक गोष्ट जोडते. विस्टर फिलाडेल्फियाच्या बड्या घरातला, हार्वर्डला शिकलेला, थिओडोर रूझवेल्टचा मित्र. पुस्तक रूझवेल्टलाच अर्पण केलंय. १८८५ साली तब्येतीसाठी तो पहिल्यांदा वायोमिंगला आला तेव्हा उतरला कुणाकडे? मेजर फ्रँक वोल्कॉटच्या रँचवर. आणि १८९२ च्या एप्रिलमध्ये बड्या मालकांनी टेक्सासमधून भाडोत्री बंदूकवाले आणून, शायेनहून खास गाडी करून, जॉन्सन काउंटीतल्या छोट्या मालकांवर चाल केली तेव्हा त्या पन्नासेक जणांचा पुढारी कोण? हाच वोल्कॉट. त्यांनी केसी रँचवर नेट चँपियन आणि निक रे या, मालकांच्या लेखी चोर असलेल्या, दोघांना मारलं. मग गावकरीच उठले, त्यांनी या टोळीला टीए रँचवर वेढलं आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष हॅरिसननी घोडदळ पाठवून टोळीची सुटका केली. शिक्षा कुणालाही झाली नाही.

विस्टर ज्यांच्या टेबलावर जेवला त्यांची बाजू त्याच्या पुस्तकात आली, यात मला नवल वाटत नाही. पण तो साधा खुशमस्कऱ्या नव्हता. १८९१ मध्ये एका रँचमालकानं थकलेल्या घोड्याचा डोळा बोटानं उपटताना त्यानं पाहिलं आणि तो काहीच करू शकला नाही. स्वतःच्या त्या गप्प राहण्याची त्याला लाज वाटत राहिली. पुढे तोच प्रसंग त्यानं लिहिला आणि कादंबरीत व्हर्जिनियन त्या मालकाला बडव बडव बडवतो. रूझवेल्टला ते वर्णन फार भीषण वाटलं, म्हणून विस्टरनं ते सौम्य केलं आणि अर्पणपत्रिकेत तसं सांगूनही टाकलं की, एक पान तू दोष दिलास म्हणून नव्यानं लिहिलंय.

म्हणून मी त्याला सोडून देऊ शकत नाही. गप्प राहण्याची बोच या लेखकाला आतून माहीत होती.

---

कोरी_वही

इथे सहसा लिहीत नाही, वाचूनच असते. पण तुमच्या आईंचा प्रश्न वाचून गळा दाटून आला. “मधे हा जज कशाला?”

आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. ह्यांनी एका मित्राच्या कर्जाला जामीन राहून आमचं राहतं घर अडकवलं होतं. मला पत्ता नाही. मित्रानं हात वर केले. मला कसं कळलं? जावेचा मुलगा, सात वर्षांचा, आमच्याकडे गॅलरीत पत्त्यांचं घर करत बसला होता. ते पडलं तसा म्हणाला, “काकू, तुमचं घर पण जाणार ना आता?” मी चहाचं आधण ठेवलेलं. गॅस बंद करायचं सुचलं नाही, भांडं जळालं.

संध्याकाळी हे घरी आले, माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. पण बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सासरे आले. सोफ्यावर बसून मला तासभर समजावत होते : पुरुषांच्या जगात शब्द द्यावा लागतो, मैत्री असते, तू शिकलेली आहेस, समजून घेशील. सासरे वाईट नव्हते हो. त्यांचं बोलणं मला पटलंही. घर पुढे वाचलं, हप्ते फेडले, आम्ही चांगले आहोत.

पण आज अठरा वर्षं झाली, ते वाक्य मला ह्यांच्या तोंडून ऐकायचं राहून गेलंय. मी ऐकायला तयार होते. पटलं नसतं तरी ऐकलं असतं. सासऱ्यांनी मला पटवलं आणि त्यामुळे आम्हा दोघांत बोलणं व्हायची गरजच संपली, ते माझ्या मनात रुतून बसलंय.

मॉलीला जजनं जिंकलं असेल, पण तिचं जे गेलं ते कुणाच्या लक्षात आलं का?

---

रात्रपाळी

@कोरी_वही ताई, काय लिहू. हात धरून बसावंसं वाटतंय.

---

खिडकीपाशी

@कोरी_वही, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या बाईला सांग, मला तिचं कळलं.”

तुमचं वाचल्यावर मी शेवट पुन्हा काढून वाचला. लग्नाच्या आदल्या दिवशी दोघं गावात येतात. ट्रँपस, जुना वैरी, दारू पिऊन चारचौघांत धमकी देतो की सूर्य मावळायच्या आत गाव सोड. या वेळी व्हर्जिनियन लपवत नाही. तिच्या खोलीत जातो आणि सांगतो : असं असं झालंय, मला जावं लागेल. गेलो नाही तर मी मला तोंड दाखवू शकणार नाही. ती विनवते. शेवटी सांगून टाकते की गेलास तर तुझा-माझा उद्या नाही. तो जातो. ट्रँपस मरतो. तो परत येतो तेव्हा ती त्याला मिठी मारते.

मला हे वाचून वाटलं होतं की तो शिकला. पहिल्या वेळी गप्प राहिला, दुसऱ्या वेळी स्वतः येऊन बोलला. हेच या प्रेमकथेचं पुढे जाणं आहे, असं मी टिपून ठेवलं होतं.

---

कोरी_वही

पण ताई, त्यानं सांगितलं, विचारलं नाही. सांगायला आला तेव्हा निर्णय करूनच आला होता. तिच्या हातात काय उरलं? रडायचं किंवा सोडायचं. आणि ती दोन्ही वेळा नमली. एकदा जजपुढे, एकदा त्याच्यापुढे. न सांगण्यापेक्षा सांगणं बरं, हे मी कबूल करते. पण मी ज्याची वाट बघितली ते हे नाही.

---

खिडकीपाशी

मान्य. माझं ते टिपण मी खोडलं.

---

जुना_वकील

स्त्रियांच्या हातात काय होतं, यावरून त्याच मुलखातली एक खरी घटना सांगण्यासारखी आहे. वायोमिंगनं १८६९ सालीच बायकांना मताचा हक्क दिला, जगाच्या पुढे होतं ते. पण १८६२ च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे सरकारी १६० एकर जमीन एकट्या बाईला मागता येई, नवरा असलेल्या बाईला नाही. एला वॉटसन आणि जेम्स ॲव्हरेल या दोघांनी १८८६ मध्ये लँडरला लग्नाच्या परवान्यासाठी अर्ज केल्याची नोंद आहे. एलानं त्यात नावही थोडं फिरवलंय. दोघांनी जमिनी वेगवेगळ्या मागितल्या आणि जवळजवळ राहिले. लग्न झालं असेल तर ते जमिनीसाठी लपवलं, असंच मानलं जातं. २० जुलै १८८९ रोजी स्वीटवॉटर नदीजवळ सहा रँचमालकांनी दोघांना एकाच जागी फाशी दिली. शायेनच्या वर्तमानपत्रांनी तिला ‘कॅटल केट’ नाव देऊन चोर आणि बाजारबसवी ठरवलं. साक्षीदार कोणी मेले, कोणी नाहीसे झाले. खटला उभाच राहिला नाही.

पाहा, इथे गुपित दोघांचं मिळून होतं, एकमेकांपासून नव्हे. त्यांचं लग्न जगापासून लपलेलं होतं, म्हणून तिला बदनाम करणं सोपं गेलं.

---

माणदेशी

मी जरा वेगळं सांगतो. रागावू नका, ताई.

तुम्ही सगळे म्हणताय तो बोलला नाही. पण काही गोष्टी बोलून होतच नाहीत. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या आज्यानं बैलजोडी विकली. चारा नाही, पाणी नाही, डोळ्यांदेखत मरण्यापेक्षा विकलेली बरी. घरच्या गायीची खोंडं, स्वतः वाढवलेली. आजीला न सांगता पहाटे घेऊन गेला. संध्याकाळी एकटा आला, कासरे खुंटीला टांगले आणि दाव्यापाशी जाऊन बसला. आजीनं कासरे बघितले. काही विचारलं नाही. भाकरी वाढली. मी लहान असताना ते कासरे तिथंच होते, तेलपाणी दिलेले, कुणी हात लावायचा नाही. आजा मेला तेव्हा आजीनं ते स्वतः उतरवले.

ते दोघं ह्यावर जन्मात बोलले नसतील. पण आजीला कळलं नव्हतं असं कोण म्हणेल?

स्टीव्ह मेल्यावर तुमचा व्हर्जिनियन काय करतो, ते नाही सांगितलंत तुम्ही.

---

खिडकीपाशी

@माणदेशी दादा, ते मी सांगायलाच हवं होतं.

फाशी दिल्यावर तो आणि गोष्ट सांगणारा पाहुणा डोंगरातून जातात. तो झोपेत बोलतो. एवढा कणखर माणूस, पण घोड्यावर बसल्या बसल्या फुटतो, रडतो. त्याला फाशीपेक्षाही एकच गोष्ट खुपते आहे, की स्टीव्ह बाकी सगळ्यांशी बोलला, माझ्याशी नाही. मला माफ न करता गेला.

पुढे त्या पाहुण्याजवळच्या जुन्या वर्तमानपत्रात त्यांना मजकूर सापडतो. स्टीव्ह शेवटच्या रात्री तेच वर्तमानपत्र हातात धरून बसलेला असतो. समासात पेन्सिलीनं दोन ओळी खरडलेल्या. तो व्हर्जिनियनला ‘जेफ’ म्हणायचा. लिहिलंय, ‘गुड-बाय, जेफ’, आणि पुढे, तुझ्याशी बोलायला गेलो असतो तर लहान पोरासारखा झालो असतो. एवढंच. त्या दोन ओळींवर याचा जीव थाऱ्यावर येतो.

(खऱ्या नेट चँपियननंही वेढ्यात अडकलेला असताना वहीत लिहून ठेवलं होतं, तासातासाचं. शेवटी मित्रांना निरोप आहे. दहा वर्षांनी आलेल्या या पुस्तकातली स्टीव्हची चिठ्ठी वाचताना मला दर वेळी ती वही आठवते. मालकांची बाजू घेणाऱ्या पुस्तकात चोराच्या हातात पेन्सिल दिली आहे.)

तुमच्या आजीला कासरे दिसले, दादा. मॉलीला काहीच दिसलं नाही. तिच्यासमोर रडलेला, झोपेत ओरडणारा माणूस आलाच नाही, तिच्यासमोर आला तो जजचा मुद्देसूद बचाव. त्यानं बोललंच पाहिजे असं नव्हतं, त्या वर्तमानपत्राचा तुकडा तिच्या हातात दिला असता तरी पुरे होतं.

---

कोरी_वही

@माणदेशी दादा, रागावले नाही. कासरे खुंटीला टांगले, हे मी किती तरी वेळा वाचलं. ते सांगणंच आहे. आमच्या घरात तशी खुंटी नव्हती.

---

रात्रपाळी

एक राहून गेलं. या माणसाचं नाव अख्ख्या पुस्तकात येत नाही ना? माझी आजी आजोबांचं नाव फक्त उखाण्यात घ्यायची, तेही लाजत. पण घ्यायची तर खरी. स्टीव्ह त्याला जेफ म्हणतो, मॉली काय म्हणते?

---

खिडकीपाशी

@रात्रपाळी, नाव नाही, अगदी शेवटपर्यंत. आणि ‘जेफ’ हेही टोपणनाव, तो दक्षिणेकडच्या व्हर्जिनियाचा म्हणून दिलेलं. म्हणजे त्याला हाक मारायला स्वतःचा असा शब्द होता तो एकट्या स्टीव्हजवळ. हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता एक मदत हवी आहे. आईला चिठ्ठीचं प्रकरण अजून सांगायचं आहे, उद्या रात्री तेच. त्या दोन ओळी मराठीत काही केल्या बसत नाहीत. ‘निरोप घेतो’ म्हटलं की नाटकी होतं. ‘जातो’ म्हणावं तर आपल्यात तसं कुणी म्हणत नाही.

---

माणदेशी

ताई, स्टीव्ह खेड्यातलाच गडी. त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या.

“जेफ, येतो. तुझ्यासंगं बोललो आसतो तर बारक्या पोरावानी रडलो आसतो.”

---

खिडकीपाशी

“येतो.” हेच घेते, दादा.

---

खिडकीपाशी

काल सांगितलं. आईनं मला ती ओळ दोनदा म्हणायला लावली, आणि मग विचारलं, “तो कागद पुढे कुणी जपून ठेवला का गं?”